नळी निघाल्यानंतर

(पडद्यावर: पोटावरचे पाच-सहा बारीक व्रण)

हे व्रण पाहून वाटेल, किरकोळच काहीतरी झालं असणार. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी काढली, यावर विश्वास बसत नाही. रोबोटिक शस्त्रक्रियेत रक्त कमी जातं, दुखणं कमी असतं, बरेच जण एक-दोन दिवसांत घरी जातात. साधारण आठवड्याभराने लघवीची नळीही निघते. आणि नेमकं तिथूनच, ज्याबद्दल आधी फारसं कुणी बोललेलं नसतं, ते सगळं सुरू होतं.

रोबो स्वतः शस्त्रक्रिया करत नाही, हेही सांगायला हवं. कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या टेबलावर, बसलेल्या सर्जनचे हात जे करतात, तेच यंत्राचे बाहू आत करतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांचे दोन गट पाडून एका गटाची शस्त्रक्रिया पोट उघडून आणि दुसऱ्याची रोबोने करायचं ठरलं. दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. त्यामुळे यंत्र कुठलं, यापेक्षा सर्जनने अशा शस्त्रक्रिया किती केल्यात, हा प्रश्न आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. तो विचारायला संकोच कशाला?

(रेखाचित्र: मूत्राशय, ग्रंथी, मूत्रमार्ग)

प्रोस्टेट मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. ती काढली की मूत्राशयाचं तोंड थेट मूत्रमार्गाला शिवावं लागतं. लघवी अडवणाऱ्या दोन झडपांपैकी आतली जवळजवळ जाते, आणि सगळा भार बाहेरच्या स्नायूवर येतो. म्हणून खोकला आला, शिंक आली, खुर्चीतून उठलं की थेंब सुटतात. रात्री आडवं असताना बहुतेकांना आधी आराम पडतो. संध्याकाळी मात्र स्नायू थकतो आणि पॅड पुन्हा भिजतो. सकाळी कोरडा असलेला माणूस संध्याकाळी खचतो तो यामुळे. हे बिघडणं नव्हे, थकवा आहे.

प्रोस्टेट कॅन्सरच्या वेगवेगळ्या उपचारांची तुलना करणाऱ्या ब्रिटनच्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात शस्त्रक्रियेच्या गटातले ४६ टक्के पुरुष सहा महिन्यांनी पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. त्यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया पोट उघडून झालेल्या होत्या, हे ध्यानात ठेवायला हवं. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या वर्षात होतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्यावेत, कारण पुष्कळ जण चुकून पोट आणि मांड्याच आवळत बसतात. वर्षानंतरही गळती त्रास देत असेल, तर मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवता येते.

(क्षणभर शांतता)

आता ज्या विषयावर दवाखान्यातही आवाज खाली येतो, तो. लिंगाला ताठरता आणणाऱ्या नसा ग्रंथीला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. अमेरिकन सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये त्या वाचवून शस्त्रक्रिया करून दाखवली. पण वाचवलेली नससुद्धा ताणली जाते आणि बराच काळ काम करत नाही. दीड-दोन वर्षं, काहींना त्याहून जास्त लागतात. कॅन्सर नसांपर्यंत पोचला असेल तर त्या काढाव्याच लागतात. गोळ्या, व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन, शेवटी इम्प्लांट (लिंगात बसवायचं साधन) असे उपाय आहेत. मात्र हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी या गोळ्यांना हात लावू नये, रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. सुख मिळतं, वीर्य येत नाही. मूल हवं असेल, तर शुक्राणू आधीच साठवून ठेवण्याबद्दल बोलायला हवं. लिंगाची लांबी थोडी कमी झाल्याचंही काही जणांना जाणवतं. हे सगळं जोडीदारासमोर, शस्त्रक्रियेच्या आधी सांगितलं गेलं, तर निम्मा मानसिक त्रास वाचेल असं आमचं मत आहे.

उशिरा उद्भवणाऱ्या तक्रारीही असतात: शिवलेला जोड आकसून लघवीची धार बारीक होणं, जांघेत हर्निया. धार अचानक बारीक झाली तर वाट पाहू नये.

(पडद्यावर: रक्ताची नमुना-कुपी)

आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेट तयार करते ते, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन. ग्रंथीच नाही म्हटल्यावर दीड-दोन महिन्यांत हा आकडा जवळपास शून्यावर यायला हवा. पुढे तो ०.२ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) वर गेला आणि पुन्हा तपासूनही तसाच निघाला, तर कॅन्सर परतल्याची शंका धरतात. अशा वेळी रेडिएशनचा विचार होतो. आकडा संथ चढत असेल, तर लघवीवर ताबा येईपर्यंत डॉक्टर काही महिने थांबूही शकतात, कारण रेडिएशननंतर उरलेली गळती सुधारणं अवघड होतं.