माहीत असतं पण हातून होत नाही: एडीएचडी आणि कोचिंगची मदत

नमस्कार मंडळी. आज मला ज्यांच्याबद्दल बोलायचंय ती माणसं तुमच्या ओळखीत नक्की असणार. शाळेत प्रगतीपुस्तकावर बाईंचा शेरा ठरलेला, "हुशार आहे पण लक्ष देत नाही", मग कॉलेजात सबमिशनच्या आदल्या रात्री जागरण, नोकरीत साहेबांचा मेल वाचलेला असतो पण उत्तर द्यायचं राहून जातं, आणि घरी लाईट बिल भरायला खात्यात पैसे असतात, फोनमध्ये ॲप असतं, तरी शेवटची तारीख उलटून जाते. आपण त्यांना आळशी म्हणतो, वेंधळे म्हणतो, बेजबाबदार म्हणतो. आणि ते ऐकून ऐकून त्यांनाही तसंच वाटायला लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

यातल्या काही जणांना एडीएचडी असतं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं मेंदूच्या वाढीतल्या फरकामुळे अवघड जातं. जगभरातले अभ्यास एकत्र केले तर मुलांमध्ये साधारण ५ टक्के आणि मोठ्यांमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास हे प्रमाण येतं, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोघंजण धरा. हे मोबाईलमुळे आलेलं खूळ नाही बरं का, जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी लंडनमध्ये १९०२ साली अशा मुलांबद्दल व्याख्यानं दिली होती. आणि हे बऱ्याच अंशी आनुवंशिक असतं, त्यामुळे मुलाची तपासणी चालू असताना "अहो, मी पण असाच होतो" असं वडिलांच्या तोंडून निघतं तेव्हा त्यात नवल नसतं.

आता मुद्द्यावर येते. काम सुरू करणं, ते मध्येच न सोडणं, वेळेचा अंदाज घेणं, तीन गोष्टी एकदम डोक्यात धरून ठेवणं, राग आला तरी थांबणं, या सगळ्याला मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात आणि एडीएचडीत तिथेच अडतं. रसेल बार्कले हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं एकच गोष्ट सांगत आलेत, की या माणसांना काय करायचं ते माहीत असतं, अडचण ते माहीत असलेलं ऐनवेळी करण्यात आहे. हे एकदा पटलं ना की मग आपण इतकी वर्षं जे करत आलो, समजावणं, चार गोष्टी सुनावणं, शेजारच्या मुलाचं उदाहरण देणं, ते का वाया जातं ते कळतं. सल्ला रविवारी सकाळी चहा पिताना दिलेला असतो आणि काम अडतं मंगळवारी रात्री नऊ वाजता टेबलाशी. मदत त्या टेबलाशी पोचायला पाहिजे, आणि चांगलं कोचिंग नेमकं तेवढंच करतं. कोचिंग म्हणजे इथे शिकवणी नाही बरं का, ठरवलेलं काम प्रत्यक्ष हातून व्हावं म्हणून कोच नावाचा माणूस नियमित सोबत करतो, ते.

उदाहरण म्हणून इंजिनीअरिंगचा एक मुलगा धरूया, पुण्यात होस्टेलवर राहणारा, चार विषयांची जर्नल्स बाकी आहेत आणि टर्म संपायला दोन आठवडे राहिलेत. आईबाबा फोनवर म्हणतात "रोज थोडं थोडं लिही". बरोबरच आहे, पण "थोडं थोडं" म्हणजे आज किती वाजता, कुठे बसून, कुठल्या पानापासून? कोच हे विचारतो. "जर्नल पूर्ण करणे" हे काम यादीत तसंच राहू देत नाही, त्यातली पहिली कृती शोधून काढतो, ती इतकी लहान असली पाहिजे की करायला जोर लागू नये, म्हणजे फाईल बॅगेतून काढून मेसच्या शेजारच्या रीडिंग रूममध्ये नेऊन ठेवणे, बास. मग विचारतो एक प्रॅक्टिकल उतरवायला किती वेळ लागेल असं वाटतं, मुलगा म्हणतो वीस मिनिटं, प्रत्यक्षात लागते पाऊण तास, आणि हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवायचे. आठवडाभर असं केलं की वेळेचा अंदाज कुठे आणि किती चुकतो ते त्याचं त्यालाच दिसतं, कोणी लेक्चर द्यावं लागत नाही. डोळ्यांसमोर ठेवलेलं टायमर किंवा काट्याचं घड्याळ यासाठीच, कारण या मेंदूला "आत्ता" आणि "नंतर" एवढंच नीट जाणवतं, मधला वेळ सरकताना दिसत नाही.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, शेजारी कोणीतरी बसणं. बॉडी डबलिंग म्हणतात त्याला. मित्र स्वतःचं काम करतोय, हा स्वतःचं करतोय, बोलायचं नाही, नुसतं सोबत असायचं. अनेकांचं काम एवढ्यानेच सुरू होतं, व्हिडिओ कॉल चालू ठेवूनही होतं.

साधारणपणे आठवड्याला एक बैठक, अर्धा ते पाऊण तास, आणि मधल्या दिवसांत छोटे मेसेज, "फाईल काढली का?" इतकेच. ठरलेलं झालं नाही तर कोच माणसाची उलटतपासणी घेत नाही, प्लॅनची घेतो, कुठल्या पायरीला अडलं, ती पायरी मोठी झाली का, भूक लागली होती का, झोप झाली नव्हती का. या सुरातच निम्मं काम होतं असं माझं मत आहे. वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेल्या माणसाला "काय अडलं?" असं राग न करता विचारणारा माणूस पहिल्यांदाच भेटलेला असतो कधीकधी. त्यात एक नवी युक्ती दोन महिने छान चालते आणि मग तिचा कंटाळा येतो, हे व्हायचंच, तेव्हा नवी शोधायची, त्याला अपयश धरायचं नाही.

लहान मुलांचं थोडं वेगळं आहे. २००७ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थने मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासले, तर मेंदूच्या बाहेरच्या थराच्या वाढीचा जो टप्पा इतर मुलं साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास गाठतात तो एडीएचडीच्या मुलांमध्ये साडेदहाच्या सुमाराला आला, आणि सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. वाढीची दिशा तीच, फक्त उशिरा. म्हणून दहा वर्षांच्या मुलाला "आता मोठा झालास, दप्तर स्वतःचं स्वतः भर" म्हणताना जरा थांबा. दप्तराची चित्रांची यादी दारामागे लावा, रात्री सोबत उभे राहा. आणि शाळेच्या आधीच्या वयात तर आईवडिलांना शिकवणं हाच पहिला उपचार सांगतात. मुलींकडे जास्त लक्ष द्या, त्या वर्गात दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत शांत बसतात, त्यामुळे कोणाच्या ध्यानातच येत नाही आणि तिशीत स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने कळतं.

आता सावध करायचंय. कोच निदान करत नाही, गोळ्या देत नाही आणि बंदही करायला सांगू शकत नाही. ते काम सायकिॲट्रिस्टचं. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का हे तपासावं लागतं, नोकरी लागल्यावर अचानक विसरायला लागलं असेल तर झोप, थायरॉईड, डिप्रेशन असं दुसरं काही बघायला हवं. औषधांचा पुरावा भक्कम आहे. त्याच्या जोडीने शिकवलेल्या कौशल्यांचाही आहे, बोस्टनमध्ये आधीच औषध घेणाऱ्या ८६ मोठ्या माणसांवर अभ्यास झाला, २०१० साली छापून आला, त्यात नियोजन आणि लक्ष सांभाळायची कौशल्यं शिकलेल्यांची लक्षणं नुसतं रिलॅक्सेशन शिकलेल्यांपेक्षा जास्त कमी झाली. पण ती थेरपी होती. कोच नावाने जे चालतं त्यावरचे अभ्यास लहान आहेत, बरेचसे कॉलेजच्या मुलांवरचे, आणि आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कुठलंच लायसन लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, ती विचारून बघता येते. कोचला मात्र तुम्हीच विचारा, शिक्षण काय, एडीएचडीच्या किती लोकांबरोबर काम केलंय, डिप्रेशन दिसलं तर कोणाकडे पाठवता, मधल्या दिवसांत संपर्क कसा. सहा महिन्यांची फी आधीच मागत असेल किंवा एकवीस दिवसांत बरं करतो म्हणत असेल तर तिथून सरळ निघा.

आणि ज्यांना फी परवडणार नाही, तसे आपल्यातले बरेच आहेत, त्यांनी हताश होऊ नका. निदानासाठी ससून, केईएम, नायर, सायन अशा सरकारी नि महापालिकेच्या हॉस्पिटलात किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. कुठे जायचं तेच कळत नसेल तर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, नंबर १४४१६, पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरातला किंवा ओळखीतला एक माणूस सोबतीला धरा, शक्यतो जो लवकर चिडत नाही असा, मग तो आजोबा असो, मैत्रीण असो नाहीतर वहिनी. त्याने रोज एक ठरलेली वेळ शेजारी बसायचं आणि एवढंच विचारायचं, आता पहिली कृती कोणती? उत्तर मिळालं की टायमर लावायचं आणि आपलं आपलं विणकाम किंवा पेपर घेऊन तिथेच बसून राहायचं.