चिंग्या आणि आज्जीच्या कोंबड्या

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर हे आमचं घर. फोटोत अंगणात आडवा पडलाय तो आमचा कुत्रा चिंग्या, आणि त्याच्या शेपटीपासून चार हातांवर दाणे टिपत फिरूलालेत त्या आज्जीच्या कोंबड्या. बघायला गोड वाटतंय ना? पण कॅमेऱ्याच्या मागं आप्पा चिंग्याचा दोर हातात धरून उभे आहेत, ते तुम्हाला दिसत नाहीत.

चिंग्या मुधोळ. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळची ही उंच, बारीक कमरेची जात, तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी जपलेली, २००५ साली पोस्टानं तिकीट पण काढलं हिच्यावर. ही कुत्री वास घेत बसत नाहीत, नजरेनं शिकार करतात, समोर काही पळालं की झालं, मग तो ससा आहे की आज्जीची तलंग हे बघायला चिंग्या थांबतोय कुठं.

दोन वर्षांपूर्वी भर पावसात एका सकाळी तीन गेल्या. खुराड्याला तेव्हा ती षटकोनी पातळ जाळी होती, कोंबड्या आत ठेवायला ठीक, कुत्रा बाहेर ठेवायला काही कामाची नाही. त्यात तांबडी माती भिजून मऊ झालेली, यानं खालनंच उकरलं. कोंबड्या फडफडल्या की याला अजून चेव. आणि खाल्ली एकपण नाही बरं का, फडफड थांबली की याचा इंटरेस्ट संपला.

शेजारचे काका म्हणाले, मेलेली कोंबडी गळ्यात बांधा, परत तोंड लावणार नाही. बांधली. घरभर वास, आणि हा निवांत तीच चाटत बसलेला. मारून पण काही झालं नाही, सकाळी केलेलं आणि दुपारी पडलेला मार याचा संबंध त्याला लागतच नाही, तो फक्त आप्पांना घाबरायला लागला.

मग अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे जोडकाम केलेली घट्ट तारेची जाळी, आणली आणि खुराड्याच्या बाहेरनं चारी बाजूंनी जांभ्याचे चिरे अंथरले. कुत्रा उकरतो ते भिंतीच्या पायाशी उभं राहून, आता तिथं पंज्याखाली चिरा येतोय. कडीला हूक पण लावला, कारण साधी कडी तो नाकानं उचलायला शिकला होता!

दोराचं काम मात्र महिनोन् महिने चाललं. आधी त्याला कापणी झालेल्या भाताच्या शेतात दमेपर्यंत पळवायचं, मग लांबनं कोंबड्या दाखवायच्या, त्यानं नजर काढून आप्पांकडं बघितलं की सुकटीचा तुकडा. रोज दहा मिनिटं, जास्त नाही. एकटा मोकळा अजूनपण सोडत नाही.

गावठी कोंबडी निदान उडून फणसावर तरी बसते, गिरिराजा ही सुधारित जातीची कोंबडी जड, तिला ते जमत नाही, म्हणून त्या दोन गिरिराजा कायम जाळीतच. पिल्लंपण तसंच, बुट्टीखाली नाहीतर जाळीत. खुडूक कोंबडीचं वेगळं, एकवीस दिवस बसून पिल्लं काढली आणि तिसऱ्याच दिवशी चिंग्याच्या नाकावर अशी चोच मारली की तो अजून तिला बघून गोठ्याला वळसा घालून जातो.

त्याचं ताट मागच्या दारी असतं, कारण कोंबड्या त्यात तोंड घालतात आणि तो गुरगुरतो. कोंबड्यांची शीट पण खातो हो, काय करणार, जंताचं औषध वेळेवर द्यायचं.

मुंगूस आलं की पहिला भुंकतो तोच. आप्पा म्हणतात राखण करूलालाय. आज्जी म्हणते, "राखण कसली रे, त्याला वाटूलालय ह्या आपल्याच वाटणीच्या."

दिवे लागले की आज्जी मोजून आत घेते. नऊ, दहा, अकरा. "एक कुठं गेली रे?" फणसावर आहे. चिंग्या खालनं टक लावून वर बघूलालाय, आणि आप्पांनी दोराला मनगटाभोवती अजून एक वेढा दिलाय.