गेमिंग लॅपटॉपचं पोट उघडताना

आज काही जण लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले आहेत. छान. पण स्क्रूड्रायव्हर सध्या पिशवीतच राहू द्या, कारण अर्धा निकाल झाकण न उघडताच लागतो.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी संपवतो. ग्राफिक्स कार्ड बदलता येतं का? नाही. पूर्वी काही जाडजूड लॅपटॉपमध्ये एमएक्सएम प्रकारची, काढता-घालता येणारी कार्डं असायची. आज ‘फ्रेमवर्क लॅपटॉप १६’सारखा एखादा अपवाद सोडला तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या येतात. शिवाय ‘आरटीएक्स ४०६०’ हे नाव एकच, पण ती चिप एका लॅपटॉपमध्ये ३५ वॉटवर चालते, दुसऱ्यात ११५ वर. हे कंपनीने ठरवलेलं असतं. त्याची चौकशी खरेदीच्या दिवशीच करायची.

मग आपल्या हातात उरतं काय? रॅम (म्हणजे चालू कामाची मेमरी), एसएसडी (फाइल्स आणि गेम साठवणारी डिस्क) आणि उष्णता. बॅटरी आणि वायफाय कार्डही बदलता येतं, पण त्यासाठी कोणी व्याख्यानाला येत नाही.

यातलं नेमकं काय कमी पडतंय, ते आधी शोधा. तुमचा नेहमीचा गेम अर्धा तास खेळा आणि मागे विंडोजचा टास्क मॅनेजर चालू ठेवा. ग्राफिक्स चिपचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल आणि तापमान ठीक असेल, तर घरी करण्यासारखं काही नाही. गेमची सेटिंग्ज उतरवा, पैसे वाचले. मेमरी काठोकाठ भरलेली दिसली, तर रॅम. आणि पहिली दहा मिनिटं गेम झकास चालून मग अडखळायला लागला, तर संशय उष्णतेवर.

रॅमबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण कमी खर्चात सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. परवडणाऱ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा ८ जीबीची एकच स्टिक असते आणि शेजारचा स्लॉट रिकामा. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर दोनपैकी किती स्लॉट भरलेत ते दिसतं. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामध्ये ६४ बिटांचे दोन मार्ग असतात. एकच स्टिक असेल तर एक मार्ग ओसाड पडतो. दुसरी बसवली की क्षमता वाढते आणि मार्गही दुप्पट होतात. सरासरी फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा, आकडा कदाचित फारसा हलणार नाही, पण गर्दीच्या प्रसंगात खेळ जो अचानक गचका खातो, तो पुष्कळ कमी होतो. माझ्या मते १६ जीबीची एकच स्टिक घालण्यापेक्षा ८ अधिक ८ कधीही बरं.

स्टिक घेताना पिढी बघा. डीडीआर४ ला २६० पिना असतात, डीडीआर५ ला २६२, आणि मधली खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर करू नका, ती चुकीची आहे. सडपातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असू शकते. हे सगळं कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चित्रांसह मिळतं. डेल, एचपी, लेनोवो यांची मॅन्युअल त्यांच्या साइटवर फुकट आहेत. यूट्यूबवरच्या व्हिडिओआधी ती उघडा. व्हिडिओतला लॅपटॉप पुष्कळदा तुमच्या मॉडेलचा चुलतभाऊ निघतो.

२०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीच्या किमती कडाडल्या. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर त्याच डिसेंबरमध्ये ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत वापरलेली स्टिक शोधायला गेलात, तर मी नावं ठेवणार नाही. फक्त परत करण्याची मुदत कागदावर लिहून घ्या आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालवा.

एसएसडीचं सोपं आहे. एम.२ २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. दुसरा स्लॉट असेल तर जुनी काढायचीसुद्धा गरज नाही. सेकंदाला ७,००० एमबीच्या जाहिरातीला भुलू नका. ३,५०० वाली आणि ती यांत गेम लोड होण्याचा फरक बहुतेक वेळा जाणवतही नाही. मात्र हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. हार्डवेअर किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) बदललेलं दिसलं, की विंडोज कधी कधी ती मागतं, आणि तेव्हा ती त्याच बंद लॅपटॉपमध्ये सेव्ह केलेली असून उपयोग नसतो.

आता उघडूया. स्लीप नाही, पूर्ण शटडाउन. चार्जर काढा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी ठेवा. झाकण प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने सोडवा, स्टीलच्या चमच्याने नव्हे. कटकट आवाज होतो, तो क्लिपांचा. झाकण सुटलं तरी झटक्यात उचलू नका. एखादी केबल त्याला जोडलेली असू शकते. आत पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. तो वायर धरून ओढायचा नाही. मग पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलासुरला विद्युतभार जाऊ द्या. स्थिर विजेची भीती मुंबईच्या दमट हवेत कमी, नागपूरच्या कोरड्या थंडीत जास्त. मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा स्वस्त असतो. बॅटरी फुगलेली दिसली, तर तिथेच थांबा आणि लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला न्या.

उष्णतेचा खरा गुन्हेगार बहुधा धूळ. पंखा आणि चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये ती नमद्यासारखी साचते आणि बाहेरून दिसत नाही. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरतो. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं. चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदलायला हीटसिंक काढण्याआधी मात्र दोनदा विचार करा. काही लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. ते वीजवाहक असतं आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं. एक थेंब बोर्डवर पडला, तर बोर्ड जाऊ शकतो. साधी पेस्ट असेल तर स्क्रू हीटसिंकवर छापलेल्या क्रमाने, थोडे थोडे करत सैल करा, आणि मेमरी चिपांवरचे पॅड त्याच जाडीचे परत लावा.

वॉरंटीचं विचारणार, माहीत आहे. ‘स्टिकर फाटला तर वॉरंटी गेली’ या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीद दिली होती, पण तो तिथला कायदा. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं. ते पोर्टल आहे, कायदा नव्हे. म्हणून उघडण्याआधी कंपनीला ईमेल करा आणि रॅम बदलली तर वॉरंटी राहते का, याचं लेखी उत्तर घ्या.

जोडून झालं की झाकण नुसतं ठेवा, सगळे स्क्रू लावू नका. बॅटरी जोडा, चार्जर लावा, बटण दाबा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मशीन नव्या मेमरीशी जुळवून घेत असतं. त्या वेळात घाबरून बटण दाबून धरू नका. बायोसमध्ये दोन्ही स्टिक दिसल्या आणि पंखे फिरले, की बंद करून उरलेले स्क्रू आवळा.