आमच्या नाक्यावरचं सँडविच

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईतल्या रस्त्यावरच्या खाण्याचा विषय निघाला की सगळं कौतुक वडापाव घेऊन जातो. त्याची जन्मकथाही लोकांना तोंडपाठ असते: १९६६ साल, दादर स्टेशनाबाहेरची गाडी, अशोक वैद्य. बिचाऱ्या सँडविचला ना जनक, ना जयंती. तरी चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही कॉलेजच्या फाटकाशी जा, सँडविचवाला हमखास सापडेल.

आमचा पार्ल्याचा. दुकान म्हणायचं आपलं. एक टेबल, भाज्यांची काचेची पेटी, शेगडी आणि डोक्यावर निळी ताडपत्री. पण हात असा, की नंबर लागेपर्यंत नुसतं बघत उभं राहावं.

सँडविचमध्ये करायचंय काय, ब्रेडमध्ये चार चकत्या ठेवायच्या, असं म्हणणाऱ्याने घरी एकदा करून पाहावं. काकडी पाणी सोडते, टोमॅटो सोडतो, चटणी तर ओलीच. आणि आपला पांढरा स्लाइस म्हणजे टिपकागद. दहा मिनिटांत खाली लगदा होतो. सँडविचवाल्याचं सगळं कसब या पाण्याला थोपवण्यात आहे.

म्हणून आधी बटर, तेही दोन्ही स्लाइसना, पार कोपऱ्यापर्यंत. बटर चवीसाठी असतं हे निम्मंच खरं. स्निग्ध थर असला की पाणी ब्रेडमध्ये चटकन उतरत नाही. घरी आपण मधोमध एक बोट फिरवतो आणि कडा कोरड्या ठेवतो, तिथेच घात होतो. मग चटणी. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, लिंबू हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आमच्याकडे त्यात थोडं डाळंही वाटलेलं असतं. त्याने चटणीला अंग येतं, ती पसरत नाही. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या तळाला, त्यावर बीट, काकडी, टोमॅटो, कांदा. काकडी इतकी पातळ की आरपार दिसावं. चाट मसाला मात्र अगदी शेवटी, वरचा स्लाइस ठेवायच्या आधी. मीठ लागलं की भाज्यांना पाणी सुटायला लागतं, मग घड्याळ सुरू झालंच समजा.

टोस्ट सांगितलात तर लांब दांड्यांचा चौकोनी टोस्टर येतो. सँडविच आत दाबायचं, बाहेर आलेल्या कडा सुरीने सर्रकन उडवायच्या, बाहेरून बटरचा हात फिरवायचा आणि शेगडीवर ठेवून उलटापालटा करायचं. उघडून पाहणं नाही. वासावरून कळतं म्हणे. मग फळीवर एक आडवा काप, दोन उभे, सहा तुकडे. वर शेव, बाजूला चटणी आणि ते लालभडक केचप, ज्यात टोमॅटो किती आणि लाल भोपळा किती, हे विचारू नये.

गिऱ्हाइकांचं गणित तर तोंडपाठ. समोरच्या इमारतीतल्या आजी दिसल्या की मिरची नसलेली चटणी बाहेर येते. जैन मंडळी आली की बटाटा, कांदा, बीट बाद, काकडी-टोमॅटो दुप्पट. शाळेच्या मुलांच्या घोळक्यात पैसे कमी पडले, तर एका सँडविचचे सहा तुकडे सहा हातांत जातात आणि शेव मात्र प्रत्येकाला वेगळी मिळते. मी पोचलो की "काका, तिखट ना?" एवढंच. उत्तराची वाट तो बघत नाही.

हल्ली फलकावर चॉकलेट सँडविच आलंय, शेजवान आलंय, आणि चीज तर किसणीने इतकं ओततात की खाली भाजी आहे की पुठ्ठा, कळू नये. विकलं जातं, त्याचं पोट आहे, माझी हरकत नाही. पण चीजखाली पातळ काकडी आणि जाड काकडी सारखीच लागते. ज्याची चटणी चांगली, त्याने ती झाकावी कशाला?

एक मात्र सांगतो. टोस्ट पार्सल नेऊ नका. फॉइलमध्ये वाफ कोंडते आणि शेगडीवर कमावलेला कुरकुरीतपणा घरी पोचेपर्यंत मऊ पडतो. न्यायचंच असेल तर साधं न्या, तेही मसाला वेगळ्या पुडीत बांधून. टोस्ट तिथेच खा, उभ्याने, बोटं भाजत. नमस्कार.