चिखलात आधी पाय उचलायचा

श्रोतेहो, नमस्कार. आज मी तुमच्याशी चिखलाबद्दल बोलणार आहे. डांबर संपतं तिथून सुरू होणारा चिखल, आणि सुट्टीचे दोन दिवस त्यात आनंदाने गाड्या घालणारी आम्ही मंडळी.

गेल्या शनिवारी सकाळी आम्ही सहा गाड्या घेऊन निघालो. सगळ्या फोर बाय फोर, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना पोचवणाऱ्या. आदल्या रात्रभर पाऊस झाला होता. पक्का रस्ता संपला तिथे सगळे खाली उतरलो आणि टायरमधली हवा सोडायला बसलो. ऐकायला उलटं वाटेल, पण टायर थोडा बसका झाला की त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाक कमी रुततं. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) असलेली हवा आम्ही २० च्या आसपास आणली. त्याहून फार खाली जायचं नाही, नाहीतर वळणावर टायर रिमवरून निसटतो.

मग लो रेंज. या गाड्यांत गिअरबॉक्सला जोडून ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते. तिच्यात लो रेंज टाकली की चाकांची गती, गाडीप्रमाणे, दोन ते चार पटींनी उतरते आणि त्याच प्रमाणात जोर वाढतो. गाडी माणसाच्या चालीने जाते, पण चढावर तिचा दम सुटत नाही. ही संथ चाल मला फार आवडते. खिडकी उघडी ठेवली की चाकाखालची जमीन कानाने कळते: इथे खडी आहे, इथे नुसता गाळ.

पहिला तास सुरेख गेला. पुढे एका सखल जागी माझ्या आधीच्या गाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. चाकोरीत राहणं, चाकोरी सोडणं, असं आपण एरवी सहज बोलून जातो. तिथे ती खरीखुरी होती, गुडघ्याला येईल एवढी. माझी गाडी तिच्यात उतरली, मंदावली, आणि मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, चिखल टपापर्यंत उडाला. मला वाटलं, निघतेय. प्रत्यक्षात चाक दर फेऱ्याला स्वतःखालीच खड्डा खणत होतं. शेवटच्या गाडीतले आमचे एक जुने सोबती चालत आले, काचेवर टकटक केली आणि एवढंच म्हणाले, "ताई, आधी पाय उचला."

मी उचलला. तोवर गाडीचं पोट मधल्या वरंब्यावर टेकलं होतं.

असं का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. एकाच आसावरच्या दोन चाकांमध्ये डिफरेन्शियल असतं, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी. साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. आता एक चाक निसरड्यावर गेलं, तर त्याला फिरायला जोर जवळजवळ लागतच नाही. मग पलीकडच्या, घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. एक गरगर फिरतं, दुसरं जागेवर उभं. लॉकर, म्हणजे डिफरेन्शियल अडवून धरणारी कळ, असेल तर दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि खूप मदत होते. पण पोट टेकलेल्या गाडीला लॉकरही पुरत नाही. म्हणून पोट टेकण्याआधीच, गाडी मंदावली की क्षणभर चाक फिरू द्यावं, टायरच्या खाचांतला गाळ झटकला जातो. स्टिअरिंग जरा डावी-उजवीकडे हलवावं, टायरच्या कडांना पकड मिळते. एवढ्याने गाडी हातभर सरकली नाही, तर थांबायचं. पाचव्या सेकंदाला थांबलात तर एक फावडं पुरतं, पन्नासाव्या सेकंदाला दोन गाड्या लागतात.

आम्हाला पाऊण तास लागला. चौघांनी चाकांपुढचा आणि पोटाखालचा चिखल काढला. मग नायलॉनचा ताणला जाणारा पट्टा लावला. हा पट्टा रबरासारखा लांबतो, ओढणाऱ्या गाडीची ताकद साठवतो आणि अडकलेल्या गाडीला हळूच खेचून काढतो. इथे मला आवाज चढवून बोलायचं आहे. हा पट्टा ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही, कधीही अडकवू नका. तो गोळा अशा झटक्यासाठी बनवलेला नसतो. तुटला तर तोफगोळ्यासारखा उडतो आणि काच फोडून आत येतो. अशाने माणसं मेली आहेत. गाडीच्या सांगाड्याला पक्के बसवलेले ओढण्याचे हुक असतात, तेच वापरायचे. पट्ट्याच्या मधोमध भिजवलेलं जड कापड टाकायचं. बघणाऱ्यांनी पट्ट्याच्या दीडपट लांब उभं राहायचं आणि खूण एकाच माणसाने करायची. माझी गाडी सुटली तेव्हा सगळे ओरडले, पण त्या एका माणसाचा हात खाली येईपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

रविवारी ओढा होता. आधी चालत जाऊन खोली आणि तळ पाहिला, मगच गाड्या घातल्या. इंजिनच्या हवेच्या वाटेने पाणी आत शिरलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, इंजिनमधला पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून बघायची नसते, ओढूनच काढायची.

ओढ्यापलीकडे वाट इतकी भिजली होती, की तिच्या बाजूच्या गवतातून जाण्याचा मोह प्रत्येकाला झाला. आम्ही गेलो नाही. एका गाडीने कड सोडली की दहा गाड्या सोडतात, वाट दुप्पट रुंद होते आणि दाबल्या गेलेल्या मातीतून पुढच्या पावसाचं पाणी ओहोळ करत वाहतं. आम्ही तिथूनच मागे फिरलो. दोघातिघांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. निर्णय बरोबर होता.

परतताना नियम एकच: मागची गाडी आरशात दिसली पाहिजे. वळणावर ती दिसेपर्यंत थांबायचं. संध्याकाळी डांबराच्या कडेला सगळे पुन्हा जमलो, टायरमध्ये हवा भरायला. सहा गाड्या, चोवीस चाकं आणि पंप एकच. माझी गाडी दुसरी भरून झाली. मी इंजिन बंद केलं, चिखलाने कडक झालेले बूट काढले आणि सहाव्या गाडीचं शेवटचं चाक भरेपर्यंत बॅटरीचा उजेड धरून उभी राहिले.

नमस्कार.