सुक्रेज खरंच कमी आहे का?

चिकोडी, रायबाग, अथणीचा ऊस कारखान्यात जातो आणि त्याची साखर बेळगावच्या कुंद्यात पडते. कुंद्यात दूधही आलंच. म्हणजे एकाच घासात दोन शर्करा: सुक्रोज आणि लॅक्टोज. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला असलेल्या बोटांसारख्या बारीक अंकुरांवरची सुक्रेज आणि लॅक्टेज ही विकरं त्या फोडतात, मगच त्या रक्तात जातात. विकर नसेल तर शर्करा तशीच मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढते, जिवाणू तिला आंबवतात. पोट फुगतं, जुलाब लागतात.

ही उणीव तपासायला प्रयोगशाळेत उंदीर वापरतात, प्राणी-नैतिकता समितीची परवानगी घेऊन. पण आकडा कमी आला म्हणजे विकर कमी आहे, असं लगेच म्हणू नका.

आधी वय बघा. दहा दिवसांच्या पिलात लॅक्टेज भरपूर असतं, सुक्रेज जवळजवळ नसतंच. तिसऱ्या आठवड्यात, दूध सुटायच्या सुमारास, हे उलटतं. मोठ्या उंदरात लॅक्टेज कमी दिसलं तर तो आजार नव्हे. खाद्यात साखर असेल तर सुक्रेज वाढतं, उपाशी ठेवलं की घटतं. म्हणून सगळ्या उंदरांना खाद्य एकच, आणि नमुना घ्यायची वेळही एकच.

आता टेबलाकडे. आतडं काही मिनिटांत बाहेर यायला हवं, कारण आतला स्वादुपिंडाचा रस मेल्यावरही विकरं खात राहतो. ०.९ टक्के मिठाच्या थंडगार पाण्यानं ते धुवायचं. एप्रिलच्या उन्हाळ्यात बर्फ भराभर वितळतो, जास्तीचा आधीच आणून ठेवा. मधला भाग, म्हणजे जेजुनम, बर्फावरच्या काचेवर उभा चिरून काचपट्टीच्या कडेनं आतला थर खरवडायचा. शेवटचा भाग घेतलात तर सुक्रेज कमीच येणार, कारण तिथं ते मुळातच कमी असतं.

खरवडलेला थर थंड पाण्यात घोटून पातळ करायचा. त्याच्या १०० मायक्रोलिटरला ५६ मिलिमोलर सुक्रोजचं तेवढंच द्रावण, पीएच ६ च्या मॅलिएट बफरमधलं (बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण). ३७ अंशांवर एक तास. सुटलेलं ग्लुकोज रक्तशर्करेच्या साध्या किटनं मोजता येतं. मात्र किटमध्ये ट्रिस (या विकरांना रोखणारं रसायन) नसेल तर मिश्रण आधी दोन मिनिटं उकळा, नाहीतर रंग येईपर्यंत विकर काम करतच राहतं. एक नळी उकळलेल्या नमुन्याची हवीच, तिच्यातलं ग्लुकोज वजा करायचं. माल्टेज हे विकर मोजताना माल्टोज ही शर्करा फुटून दोन ग्लुकोज सुटतात, तिथं उत्तर निम्मं करायला विसरू नका. आलेला आकडा प्रथिनाच्या प्रत्येक ग्रॅममागे मांडा.

एकट्या सुक्रेजवर कधी निकाल देऊ नका, जोडीला माल्टेज आणि लॅक्टेजही मोजा. वय, खाद्य, भाग सारखे असून लॅक्टेज टिकलं आणि सुक्रेज पडलं असेल (सोबत माल्टेजही काहीसं घटू शकतं), तर उणीव खरी असण्याची शक्यता मोठी. सगळीच पडली असतील, तर एकतर अंकुर झिजलेत किंवा नमुना गरम झाला. त्यासाठीच शेजारचा एक तुकडा आधीच फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) टाकून ठेवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली अंकुर उंच आणि धड दिसले, तर नवा नमुना घ्या.