वीज वरून दिसते, घात जमिनीतून होतो

पत्रिकेवर विषय छापलाय ‘वीज कशी पडते आणि ढग का गडगडतात’. दोन्हींवर बोलायचंच आहे. पण आधी सांगा, सभागृहात पायाळू कोण कोण आहे? हात वर करा. तीन, चार... मागे अजून एक. पायाळू माणसावर वीज पडते म्हणून वळवाच्या दिवसांत घरच्यांनी तुम्हाला बाहेर सोडलं नसेल. तुम्हाला घरात ठेवलं हे उत्तम केलं, फक्त बाकीच्यांनाही आत बोलवायला हवं होतं. कोण कसा जन्मला याचा विजेशी संबंध नाही. संबंध आहे तो उंचीशी, मोकळ्या रानाशी आणि पायाखालच्या जमिनीशी. खिशातला मोबाईलही वीज ओढत नाही.

आता ढगाकडे येऊ. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. त्यात हवेत ओल आली की दुपारनंतर ढग उभा वाढत जातो आणि माथा 12 ते 15 किलोमीटरपर्यंत पोचतो. आत शून्याखाली 10 ते 20 अंशांच्या पट्ट्यात तीन गोष्टी एकत्र येतात: बर्फाचे बारीक स्फटिक, काही मिलिमीटरचे मऊ बर्फगोळे आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब. हलके स्फटिक वर जाताना जड गोळ्यांवर आपटून निसटतात. त्या टकरीत गोळ्याकडे ऋण भार राहतो, स्फटिक धन भार घेऊन माथ्याकडे जातो. ढगावर ढग आपटून वीज होते हे मनातून काढून टाका. टक्कर होते ती या कणांची. आषाढातल्या झडीत दिवसभर पाऊस असतो पण वीज क्वचितच दिसते, कारण हवेचा वर जाणारा झोत मंद असतो आणि असे गोळे फारसे तयार होत नाहीत.

भार पुरेसा साठला की ढगातून विद्युतभाराचा एक तंतू खाली निघतो. साधारण 50 मीटर पुढे सरकायचं, मिलिसेकंदाचा विसावा भाग थांबायचं, पुन्हा सरकायचं. तो शंभरेक मीटरवर आला की खालूनही तंतू उठतात, बाभळीच्या शेंड्यातून, पाण्याच्या टाकीवरून, रानात उभ्या माणसाच्या डोक्यातून. ज्याची गाठ आधी पडते त्या वाटेनं सुमारे 30,000 अँपिअरचा प्रवाह वाहतो. त्याच वाटेनं तो बहुधा तीन-चार वेळा वाहतो, मध्ये 40 ते 60 मिलिसेकंदांची फट असते. वीज थरथरल्यासारखी दिसते ती यामुळे.

हा प्रवाह जमिनीत शिरल्यावर जातो कुठे, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. दर उन्हाळ्यात बातमी येते की झाडाखाली थांबलेल्या मजुरांवर वीज पडली. वीज पडते झाडावर. खोडापेक्षा माणसाच्या शरीरातून वाट सोपी, म्हणून ती खोडावरून माणसावर उडी घेते. उरलेला प्रवाह बुंध्यापासून चहूकडे पसरतो. सरळ अंगावर वीज पडून दगावणारे एकूण बळींत फार थोडे असतात. उडी घेतलेला आणि जमिनीतून आलेला प्रवाह त्याहून कितीतरी जास्त जीव घेतो.

हिशेब करून पाहू. ओलसर मातीची रोधकता, म्हणजे प्रवाहाला अडवण्याचा गुण, 100 ओहम-मीटर धरा आणि प्रवाह 30,000 अँपिअर. बुंध्यापासून 10 मीटरवर पाऊण मीटरचं पाऊल टाकलं तर दोन पायांमध्ये साधारण 3,300 व्होल्ट येतात. पाच मीटरवर तेच 12,000 च्या पुढे जातात. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या खुरांत दीड मीटर अंतर, म्हणजे 10 मीटरवर त्याच्या वाट्याला 6,200, आणि माणसाच्या बाबतीत तो प्रवाह पायातून पायात जातो, जनावराच्या मात्र छातीतून. एका विजेत मेंढ्यांचा कळप आडवा होतो आणि कडेला उभा मेंढपाळ वाचतो, त्याचं कारण हेच. नॉर्वेत ऑगस्ट 2016 मध्ये एका वादळात 323 रेनडिअर एकाच जागी मेले.

हा हिशेब ओल्या मातीचा झाला. आपल्याकडे बऱ्याच रानांत मातीचा थर पातळ असतो आणि खाली मुरूम नाहीतर बेसॉल्ट लागतो. दगडाची रोधकता कितीतरी जास्त, त्यामुळे प्रवाह खोल न जाता वरच्या थरातच दूरवर पसरतो. द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा आणि बांधावरचं तारेचं कुंपण तर तो आणखी लांब नेतात. म्हणून गडगडायला लागल्यावर मोटर बंद करायला स्टार्टरच्या पेटीकडे धावू नका. वारीच्या तळावर तंबूच्या लोखंडी खांबाला टेकून बसू नका.

इमारतींवरच्या वीजरोधकाबद्दलही बोलायलाच हवं, कारण त्याची दशा पाहून जीव तुटतो. गच्चीवर टोकदार दांडा दिमाखात उभा असतो, पण खाली उतरणारी पट्टी एकच, आणि तीही छज्जाला काटकोनात वळवलेली. प्रवाह एवढ्या झपाट्यानं चढतो की वळणावर पट्टी सोडून भिंतीत उडी मारतो. तांब्याची 25 बाय 3 मिलिमीटरची पट्टी, किमान दोन बाजूंनी, सरळ उतरवा. वळवावीच लागली तर मोठ्या गोलाईनं. पट्टी खाली ज्याला जोडतात त्या जमिनीत पुरलेल्या धातूच्या इलेक्ट्रोडचा रोध 10 ओहमच्या आत हवा आणि तो मे महिन्यात मोजायचा. काळी माती भेगाळते, इलेक्ट्रोडला सोडते, आणि पावसाळ्यात 6 ओहम दाखवणारा इलेक्ट्रोड उन्हाळ्यात 30 वर जाऊ शकतो. वीज तर तेव्हाच पडते! गंजलेला जोड दिसला तर त्याच दिवशी बदलून घ्या. गच्चीवरची पाण्याची लोखंडी पाइपही पट्टीला जोडा.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. गडगडाट अजून राहिलाय, तेव्हा भरभर सांगतो.

विजेची वाट दोन-तीन सेंटिमीटर रुंद. तिथली हवा काही मायक्रोसेकंदांत 30,000 अंशांवर जाते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. हवेला पसरायला वेळ मिळत नाही, दाब वातावरणाच्या दहा पटींवर चढतो आणि आघातलहर, म्हणजे दाबाची जोरदार लाट, फुटते. तोच आवाज. वाट काही किलोमीटर लांब आणि वाकडीतिकडी असते, त्यामुळे जवळच्या टोकाचा आवाज आधी कडाडतो आणि दूरच्या टोकांचा मागाहून येत राहतो. गडगड लांबते ती त्यामुळे.

अंतर काढायला चमक दिसल्यापासून सेकंद मोजा आणि तीननं भागा, किलोमीटर मिळतात. उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत शिरा. उघडं पत्र्याचं शेड चालत नाही. रानात दुसरा काहीच इलाज नसेल तर झाडापासून लांब, टाचा जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर ठेवा, आसपासच्या विजांची सूचना मिळते.

क्षितिजावर नुसतं लकलकतं आणि आवाज येत नाही, ती वीज बहुधा 20-25 किलोमीटरच्या पलीकडची असते. वर हवा थंड होत जाते, त्यामुळे आवाज वाकून आपल्या डोक्यावरून निघून जातो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच थांबा, कारण ढगाच्या माथ्यातला धन भार पाऊस ओसरल्यावरही दूर जाऊन कोसळतो.

आणि कोणी पडलाच तर त्याला हात लावायला भिऊ नका, अंगात वीज साठून राहत नाही. श्वास, नाडी नसेल तर लगेच छातीच्या मधोमध दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच सेंटिमीटर खोल. दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगा.